कोल्हापुरात राहून वेब डेव्हलपर व्हायचंय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर, इचलकरंजी, कागल, गडहिंग्लज या भागातून वेब डेव्हलपमेंटकडे वळणाऱ्यांना पडणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काहींची उत्तरं दोन ओळींत संपतात, काहींची संपत नाहीत. आपल्याला लागू असेल तेवढंच वाचलं तरी चालेल.

### मी बीकॉम आहे, कॉम्प्युटरची डिग्री नाही. जमेल का?

जमेल, पण सगळी दारं उघडी नसतात. मोठ्या सेवा कंपन्या कॅम्पस भरतीत शाखा बघतात आणि अनेकदा दहावी, बारावी, पदवी अशी तिन्हीकडे ६० टक्क्यांची अट घालतात. तिथे तुमचा अर्ज माणसापर्यंत पोचतच नाही. लहान कंपन्या, एजन्सी आणि स्टार्टअप मात्र आधी काम बघतात.

बीकॉमवाल्यांच्या हातात एक गोष्ट असते, ती ते स्वतःच विसरतात. जीएसटीचं बिल कसं असतं, क्रेडिट नोट कधी काढतात, स्टॉक का जुळत नाही, हे त्यांना शिकवावं लागत नाही. बिलिंगचं सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपनीत या माहितीला किंमत आहे.

बारावी झालेली असेल आणि अजून काहीच ठरलं नसेल, तर बीसीए किंवा बीसीएस करून टाका. शिवाजी विद्यापीठाशी संलग्न बऱ्याच कॉलेजांत हे अभ्यासक्रम आहेत. पुढे एमसीएचा रस्ता उघडा राहतो आणि अटींची भानगड कमी होते.

### लॅपटॉप कसला लागतो?

एसएसडी आणि ८ जीबी रॅम एवढं किमान, १६ असेल तर उत्तम. महागडं ग्राफिक कार्ड नको. त्याऐवजी घरातला जुना, कमी रॅमचा अँड्रॉइड फोन फेकू नका, आपलं काम तपासायला तो लागणार आहे.

### तयार व्हायला किती महिने लागतात?

रोज ३ तास मन लावून बसलात तर पहिल्या नोकरीसाठी अर्ज करायला ८ ते १० महिने. ‘९० दिवसांत फुल स्टॅक’ (स्क्रीनपासून डेटाबेसपर्यंत सगळं) ही फ्लेक्सवरची भाषा आहे.

ढोबळ वाटणी अशी धरा: एचटीएमएल आणि सीएसएस ६ आठवडे, जावास्क्रिप्ट १२, एक फ्रेमवर्क (साइट बांधायचा तयार सांगाडा) ८, सर्व्हर आणि डेटाबेस ८. गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) वेगळं शिकायला ठेवू नका. पहिल्या आठवड्यापासून रोजचं काम गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर टाकत जा.

यातले जावास्क्रिप्टचे १२ आठवडे कापायचा मोह सगळ्यांना होतो. तिसऱ्या आठवड्यातच स्क्रीन बांधायचं साधन रिअ‍ॅक्ट सुरू होतं आणि सहाव्या आठवड्यात गाडी रुतते. नेहमीचं उदाहरण घ्या. स्टेटमधल्या (स्क्रीनसाठी लक्षात ठेवलेल्या माहितीतल्या) यादीत ‘पुश’ने नवी वस्तू घातली, कन्सोलवर यादी वाढलेली दिसते, पण स्क्रीन ढिम्म हलत नाही. मुलं दिवसभर रिअ‍ॅक्टला दोष देत बसतात. खरं कारण जावास्क्रिप्टमध्ये आहे. ‘पुश’ जुनीच यादी बदलतो, तिचा मेमरीतला संदर्भ तोच राहतो आणि रिअ‍ॅक्ट संदर्भाची तुलना करतं. संदर्भ तोच आहे म्हणजे काही बदललंच नाही, असं त्याला वाटतं. जुन्या यादीची प्रत काढून तिच्यात नवी वस्तू घातली की काम होतं. ऑब्जेक्टचा संदर्भ, मॅप आणि फिल्टर, प्रॉमिस, असिंक-अवेट, फेच एवढं पक्कं झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

शिकायची पद्धत साधी ठेवा. व्हिडिओ बघून झाला की बंद करा आणि कोऱ्या फाइलमध्ये तेच पुन्हा लिहा. जिथे अडाल तेवढंच तुम्हाला येत नाही. एमडीएन, फ्रीकोडकॅम्प आणि द ओडिन प्रोजेक्ट ही तिन्ही ठिकाणं फुकट आहेत आणि सुरुवातीच्या वर्षाला पुरून उरतात.

### राजारामपुरीत किंवा पुण्यात क्लास लावावा का?

स्वतःहून रोज बसणं होत नसेल तर लावा. फी भरण्याआधी मात्र दोन गोष्टी तपासा.

एक, मागच्या बॅचच्या पाच मुलांच्या चालू साइटच्या लिंक मागा आणि फोनवर उघडून बघा. पाचही साइट एकसारख्या निघाल्या तर तिथे नक्कल करून घेतात. दोन, रिअ‍ॅक्टचा प्रोजेक्ट कशाने सुरू करून देता ते विचारा. उत्तर ‘क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅप’ आलं तर अभ्यासक्रम शिळा आहे. ते साधन फेब्रुवारी २०२५ मध्ये अधिकृतपणे निवृत्त केलं गेलं, आता व्हीट किंवा एखादं पूर्ण फ्रेमवर्क वापरतात.

‘फी हप्त्याने भरा’ म्हणतात तेव्हा अनेकदा तुमच्या नावावर कर्ज काढलेलं असतं. क्लास सोडला तरी हप्ता सुटत नाही. सही करण्याआधी कागद घरी आणून वाचा.

### रिअ‍ॅक्ट शिकू की पीएचपी? सगळेच वेगवेगळं सांगतात.

कुठे काम करायचंय त्यावर ठरवा. कोल्हापुरातल्या लहान एजन्सींकडे येणारं बरंचसं काम दुकानं, हॉटेलं, शाळा, कारखाने यांच्या साइटचं असतं. तिथे वर्डप्रेस, पीएचपी आणि पीएचपीचं फ्रेमवर्क लॅरावेल चालतं. वर्डप्रेसला नाक मुरडणारे खूप भेटतील, पण जगातल्या ४० टक्क्यांहून जास्त वेबसाइट त्यावर आहेत. पुण्यातल्या प्रॉडक्ट कंपन्यांत रिअ‍ॅक्ट, टाइपस्क्रिप्ट, नोड किंवा जावा यांची मागणी दिसते.

दोन्ही थोडं थोडं शिकणं हा सगळ्यात वाईट पर्याय. एक निवडा आणि त्यात लॉगिन, डेटाबेस, फाइल अपलोड, ईमेल एवढं स्वतः करून बघा. एसक्यूएल (डेटाबेसशी बोलायची भाषा) मात्र दोन्हीकडे लागतं आणि ते कधी जुनं होत नाही.

### पोर्टफोलिओत काय ठेवावं? टू-डू लिस्ट आणि नेटफ्लिक्सची नक्कल झाली आहे.

ती दोन्ही काढून टाका. मुलाखत घेणाऱ्याने तीच नक्कल त्या आठवड्यात अनेकदा बघितलेली असते आणि तिच्यात विचारण्यासारखं काही नसतं. दहा अर्धवट प्रोजेक्टपेक्षा तीन पुरे केलेले ठेवा. त्यातला एक तरी कोणीतरी खरोखर वापरत असलेला हवा.

आपल्या गावात विषयांची वानवा नाही. तीन सुचवतो.

मंगल कार्यालयाचं बुकिंग. दिसायला सोपं, पण यात दोन खड्डे आहेत. पहिला तारखेचा. कॅलेंडरमधून कोणी १५ डिसेंबर निवडला, तर जावास्क्रिप्ट बहुतेक वेळा भारतीय वेळेनुसार १५ तारखेची मध्यरात्र धरतं. ती तारीख टू-आयएसओ-स्ट्रिंगने मजकुरात बदलली की ती यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) जाते. यूटीसी आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे आहे, म्हणून मजकूर ‘१४ डिसेंबर, १८:३०’ असा होतो. पहिली दहा अक्षरं कापून डेटाबेसमध्ये टाकली की लग्न एक दिवस आधी लागलं! यावर उपाय म्हणजे बुकिंगच्या तारखेला वेळ चिकटवूच नका. एचटीएमएलचं तारखेचं इनपुट मुळातच वर्ष-महिना-दिवस असा मजकूर देतं. तो तसाच पाठवा आणि डेटाबेसमध्ये कॉलमचा प्रकार टाइमस्टॅम्प नव्हे, तर डेट ठेवा.

दुसरा खड्डा दुहेरी बुकिंगचा. ‘तारीख रिकामी आहे का बघा, असेल तर नोंद करा’ असा कोड सगळे लिहितात. दोन जणांनी एकाच क्षणी बटण दाबलं तर दोघांनाही तारीख रिकामीच दिसते आणि दोघांचीही नोंद होते. हॉल, तारीख आणि सत्र या तिन्हींवर मिळून डेटाबेसमध्ये युनिक बंधन घाला. दुसरी नोंद डेटाबेस स्वतःच नाकारेल, तो एरर पकडून ‘ही तारीख आत्ताच गेली’ असं दाखवा. मुलाखतीत एवढं एक नीट समजावून सांगितलंत तरी समोरचा सरसावून बसतो.

कोल्हापुरी चपलांचं दुकान. कापशी, कचकडी, बक्कलनाळी असे प्रकार, प्रत्येकात मापं, वर रंग. ४ प्रकार, ६ मापं आणि ३ रंग म्हटले तरी स्टॉकच्या ७२ ओळी होतात. ‘उत्पादन’ आणि ‘उत्पादनाचा पर्याय’ हे दोन वेगळे तक्ते का लागतात ते इथे हाताने कळतं. किमती पैशांत पूर्णांक म्हणून साठवा, दशांशात नको. जावास्क्रिप्टमध्ये ०.१ अधिक ०.२ बरोबर ०.३ येत नाही, हे स्वतः करून बघा. आणि पैसे घेताना ब्राउझरकडून आलेल्या रकमेवर कधीही विश्वास ठेवू नका. ब्राउझरने फक्त वस्तूचा क्रमांक आणि नग पाठवायचे, रक्कम सर्व्हरने काढायची. नाहीतर डेव्हलपर टूल उघडून कोणीही हजाराची चप्पल १ रुपयात नेईल.

फौंड्रीचा चौकशी फॉर्म. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या एमआयडीसीत फिरलात तर साइट असूनही चौकशी येत नाही म्हणणारे उद्योजक भेटतील. त्यांच्या साइटवर ‘आमच्याबद्दल’ लांबलचक असतं. खरेदीदाराला मात्र कास्टिंगचं किमान-कमाल वजन, धातूची ग्रेड, मशिनची यादी आणि ड्रॉइंग पाठवायची सोय हवी असते. ड्रॉइंगच्या फाइलचा प्रकार आणि आकार सर्व्हरवर तपासा. फाइलच्या नावाच्या शेवटी पीडीएफ लिहिलंय म्हणून ती पीडीएफ असतेच असं नाही.

### मराठी साइट करताना नेमकं काय बिघडतं?

बरंच काही, आणि इंग्रजी ट्युटोरियलमध्ये यातलं फारसं सापडत नाही. मराठी मुलाने निदान यात तरी मागे राहू नये.

ग्राहक बऱ्याचदा मजकूर जुन्या डीटीपीच्या फाइलमधून देतो. तो श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीतला असेल तर पेस्ट केल्यावर इंग्रजी अक्षरांचा नुसता कचरा दिसतो. कन्व्हर्टरने युनिकोड करून घ्या आणि नंतर रफार, ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्या’ असे शब्द आणि र्‍हस्व-दीर्घ डोळ्यांनी तपासा. कन्व्हर्टर घसरतो तो बहुतेक तिथेच.

पानाच्या एचटीएमएल टॅगवर भाषा ‘हिंदी’ नको, ‘मराठी’ लिहा. ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श वेगळे दिलेले असतात, ते या एका खुणेवरून निवडले जातात. सीएसएसमध्ये अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते. ओळींमधलं अंतर १.६ च्या आसपास ठेवा, म्हणजे वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांना भिडत नाहीत.

अक्षरं मोजताना सावध राहा. ‘कोल्हापूर’ची लांबी जावास्क्रिप्ट ९ सांगतं, कारण ते काना, हलंत, ऊकार वेगळे मोजतं. मजकूर अमुक अक्षरांवर कापायचा कोड लिहिला तर शब्द ‘कोल्’वर तुटून लोंबकळतो. यासाठी जावास्क्रिप्टच्याच ‘इंटल’मधला सेगमेंटर वापरा.

मोबाइल नंबरच्या रकान्यात मराठी कीबोर्डवाला माणूस ‘९८’ असे देवनागरी अंक टाकतो आणि फॉर्म त्याला ‘चुकीचा नंबर’ म्हणतो. जावास्क्रिप्टच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमधली अंकाची खूण फक्त इंग्रजी अंक ओळखते. इनपुटचा प्रकार नंबर न ठेवता टेलिफोनचा ठेवा, आलेले देवनागरी अंक आधी बदलून घ्या आणि मग तपासा.

मायएसक्यूएल डेटाबेस असेल तर अक्षरसंच यूटीएफ-८-एमबी-४ निवडा. जुन्या लॅटिन तक्त्यात मराठी टाकली की सगळीकडे प्रश्नचिन्हं उमटतात आणि ती माहिती परत मिळत नाही. एसएमएस पाठवणार असाल तर इंग्रजी संदेश १६० अक्षरांचा असतो, मराठी ७० चा. त्यापुढे गेलं की दुसऱ्या संदेशाचे पैसे लागतात, हे ग्राहकाला आधीच सांगा.

### माझ्या लॅपटॉपवर साइट चालते, होस्टिंगवर टाकली की मोडते. का?

कारणं ठरलेली आहेत, याच क्रमाने बघा.

फोटो दिसत नसेल तर फाइलच्या नावातली लहान-मोठी इंग्रजी लिपी तपासा. विंडोजला दोन्ही सारखीच, लिनक्स सर्व्हरला वेगळी.

गिटहब पेजेसवर सीएसएस लागत नसेल तर पत्ता तिरक्या रेघेने सुरू होतोय का बघा. तिथे तुमची साइट रिपॉझिटरीच्या नावाच्या उपफोल्डरमध्ये असते, आणि तिरकी रेघ थेट मुळाकडे जाते.

माहिती येत नसेल तर कोडमध्ये लोकलहोस्टचा (तुमच्याच लॅपटॉपचा) पत्ता तसाच राहिलाय का शोधा. त्यानंतर होस्टिंगवर एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल भरलेत का ते पाहा. पासवर्डची फाइल गिटमध्ये जात नाही, जाऊही नये, म्हणून ती मूल्यं होस्टिंगच्या सेटिंगमध्ये हाताने टाकावी लागतात. चुकून ती गिटहबवर गेलीच असेल, तर फाइल पुसून भागत नाही. इतिहासात ती राहते. त्यातले पासवर्ड आणि गुप्त किल्ल्या रद्द करून नव्या घ्या, आणि लगेच.

आतलं पान रिफ्रेश केल्यावर ४०४ येत असेल तर सर्व्हरला सांगावं लागतं की कोणताही पत्ता आला तरी मुख्य फाइलच दे. नेटलिफाय, व्हर्सेल या होस्टिंग सेवांकडे त्यासाठी एका ओळीचा नियम असतो.

फुकट होस्टिंगच्या अटीही माहीत असू द्या. रेंडरवरची फुकट सेवा १५ मिनिटं कोणी न आल्यास झोपते आणि जागी व्हायला मिनिटभर घेते. डेटाबेस देणाऱ्या सुपाबेसचा फुकट प्रोजेक्ट आठवडाभर न वापरल्यास थांबवला जातो. सुपाबेसचा प्रोजेक्ट थांबलेला असेल तर मुलाखतीच्या आधीच पुन्हा चालू करा आणि रेंडरवरची साइट मुलाखतीच्या अगदी तोंडावर उघडून जागी करा, नाहीतर समोरच्याला पांढरं पान दिसेल आणि तो पुढच्या अर्जाकडे वळेल. व्हर्सेलचा फुकट प्लॅन व्यावसायिक कामाला चालत नाही, ग्राहकाची साइट तिथे ठेवू नका.

### साइट हळू आहे असं ग्राहक म्हणतो. कुठून सुरुवात करू?

फोटोंपासून. फोनवर काढलेला फोटो ४-५ एमबीचा असतो आणि तो तसाच चढवलेला असतो. रुंदी १,२०० पिक्सेलवर आणा, वेबपी या हलक्या प्रकारात बदला, बहुतेक फोटो २०० केबीच्या आत येतात. प्रत्येक फोटोला रुंदी-उंची लिहा, म्हणजे पान उघडताना मजकूर उड्या मारत नाही. गूगलच्या मापाने मुख्य मजकूर २.५ सेकंदांच्या आत दिसला पाहिजे. क्रोमच्या डेव्हलपर टूलमध्ये नेटवर्क मंद करून मोजा. घरच्या फायबरवर सगळंच पळतं.

### एआय कोड लिहितं. मग नवख्यांना कोण घेणार?

कमी जणांना घेतात, हे आधी मान्य करू. डिझाइन दिलं की पान बनवून दे, एवढंच ज्याला येतं त्याचं काम खरंच कमी झालंय. त्यामुळे पहिल्या नोकरीची पायरी उंच झाली आहे आणि ‘काही होत नाही, टेन्शन घेऊ नको भावा’ म्हणणाऱ्याचं ऐकून तयारी सैल सोडू नका.

पण वर लिहिलेला मंगल कार्यालयाचा तारखेचा घोळ पुन्हा बघा. एआयला नुसतं ‘बुकिंग फॉर्म करून दे’ म्हटलं तर तो तोच चुकीचा कोड सहज देऊ शकतो, आणि कोड चालतोही. तारीख सरकते हे कळायला कोणीतरी तपासावं लागतं, आणि का सरकली हे कळायला यूटीसी माहीत असावं लागतं. पैसे त्या माहितीचे मिळतात.

शिकताना पहिले चार-पाच महिने कोड एआयकडून लिहून घेऊ नका. एररचा अर्थ विचारा, आपण लिहिलेला कोड तपासून घ्या, सरावाचे प्रश्न मागा. त्यानंतर वापरा, पण जी ओळ समजावून सांगता येत नाही ती प्रोजेक्टमध्ये ठेवू नका. तो कधीकधी अस्तित्वातच नसलेल्या पॅकेजचं नाव सांगतो. इन्स्टॉल करण्याआधी एनपीएमवर (जावास्क्रिप्ट पॅकेजच्या कोठारात) ते आहे का, शेवटचं कधी सुधारलं, किती जण वापरतात हे बघा. अशा काल्पनिक नावांनी घातक पॅकेज टाकून ठेवणारे लोकही आहेत.

### मुलाखतीत काय विचारतात?

पहिल्या नोकरीला साधारण याच गोष्टी: फ्लेक्सबॉक्सने मांडणी, दोन आणि तीन बरोबर-चिन्हांतला फरक, क्लोजर, प्रॉमिस, एसक्यूएलचा जॉइन, आणि तुमच्याच प्रोजेक्टवर खोदून प्रश्न.

एक प्रश्न फार फिरतो. ‘व्हार’ वापरून ० ते २ असा लूप, आत एका सेकंदाचा सेट-टाइमआउट, काय छापेल? उत्तर ३, ३, ३. उत्तर पाठ असतं, कारण विचारलं की गडबड होते. ‘व्हार’चा चल पूर्ण फंक्शनला मिळून एकच असतो. सेकंदाने छापायची वेळ येते तेव्हा लूप संपून त्यात ३ बसलेले असतात. ‘लेट’ दर फेरीला नवा चल देतो, म्हणून ०, १, २ येतं.

उत्तर येत नसेल तर ‘माहीत नाही, पण मी असं शोधेन’ म्हणा आणि खरोखर कसं शोधाल ते बोलून दाखवा. इंग्रजी अडखळत असेल तरी चालतं. आपला प्रोजेक्ट इंग्रजीतून पाच मिनिटं सांगायचा सराव मात्र फोनवर रेकॉर्ड करून करा.

### ‘३ लाखांचं पॅकेज’ म्हणजे हातात किती?

महिन्याला २५ हजार नव्हेत. समजा मूळ पगार १२,५०० आहे. कंपनीचा पीएफचा वाटा १२ टक्क्यांनी १,५०० आणि ग्रॅच्युइटीचे सुमारे ६०० बहुतेक कंपन्या पॅकेजमध्येच धरतात. तुमच्या वाट्याचा पीएफ पुन्हा १,५००. महाराष्ट्रात व्यवसाय कर महिन्याला २००, फेब्रुवारीत ३००. महिन्याला २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या महिलांना तो माफ आहे. उरतात साधारण २१,२००. ‘व्हेरिएबल’ असा शब्द ऑफर लेटरमध्ये असेल तर तेवढी रक्कम दरमहा मिळेलच असं नाही, म्हणून निश्चित रक्कम किती ते लेखी विचारा.

### नोकरीसाठी डिपॉझिट किंवा मूळ कागदपत्रं मागितली तर?

उठून यायचं. दोन्हीपैकी काहीही द्यायचं नाही.

### पुण्याला जावंच लागतं का?

लागतंच असं नाही, पण कशासाठी जायचं ते समजून घ्या. पुण्यात पगारापेक्षा मोठा फायदा म्हणजे तुमचा कोड रोज वाचणारा आणि चुका काढणारा अनुभवी माणूस शेजारी असणं. सुरुवातीच्या दोन वर्षांत जेवढं यातून शिकता येतं तेवढं एकट्याने होत नाही. कोल्हापुरात असा माणूस असलेली टीम मिळाली तर खुशाल इथेच राहा. घरभाडं वाचतं, आणि लहान टीममध्ये ग्राहकाशी बोलण्यापासून सर्व्हर लावण्यापर्यंत सगळं लवकर अंगावर येतं.

म्हणून इथल्या कंपनीत मुलाखतीला गेलात की तुम्हीही विचारा: कोड रिव्ह्यू कोण करतं? गिट वापरता का? एका माणसाकडे एका वेळी किती साइट असतात? थेट लाइव्ह सर्व्हरवर जाऊन फाइल बदलायची पद्धत असेल तर तिथे सहा महिन्यांपेक्षा जास्त थांबू नका.

घरून काम करणार असाल तर दुसरं इंटरनेट आणि राउटरसाठी छोटा यूपीएस हवाच. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शहराचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. कोड रोज संध्याकाळी गिटहबवर गेलेला असू द्या.

### पहिला ग्राहक ओळखीतला आहे. व्यवहार कसा करू?

ओळखीतला आहे म्हणूनच लेखी करा. एक पान पुरतं: किती पानं, कोणते फॉर्म, मजकूर आणि फोटो कोण देणार, दुरुस्तीच्या किती फेऱ्या, किती दिवस. रक्कम ४०-३०-३० अशी वाटा. सुरुवातीला ४० टक्के, डिझाइन मंजूर झाल्यावर ३०, साइट लाइव्ह करण्याआधी ३०. शेवटचा हप्ता ‘लाइव्ह झाल्यावर’ असा ठेवला की तो दिवाळी, मग मार्चएंड, असा सरकत जातो.

काम अडतं ते बहुतेक वेळा मजकुरापाशी. ‘फोटो उद्या देतो’ म्हणून महिना जातो. मजकूर मिळाल्यापासून दिवस मोजले जातील, हे त्या पानावर लिहा.

डोमेन ग्राहकाच्या नावावर, त्याच्याच ईमेलने, त्याच्याच कार्डाने घ्या. तुमच्या नावावर घेतलं आणि नूतनीकरण हुकलं, तर त्याचे ईमेलही बंद पडतात आणि फोन तुम्हाला येतो. वर्षाच्या देखभालीचा आकडा वेगळा सांगा. त्यात बॅकअप, अपडेट आणि महिन्याला किती तास बदल, हे धरा.

### सर्किट बेंच आल्यापासून वकील साइट करून मागतात. काही वेगळं आहे का?

आहे. मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालं. पण वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांची मनाई आहे. नियम ३६ मध्ये २००८ साली साइटची सवलत दिली गेली ती ठराविक माहितीपुरती: नाव, पत्ता, फोन, ईमेल, नोंदणी क्रमांक व तारीख, कोणत्या बार कौन्सिलकडे नोंदणी, शिक्षण, आणि कोणत्या प्रकारचं काम करतात ते. ‘शहरातले नंबर एक’, जिंकलेल्या खटल्यांची यादी, अशिलांचे अभिप्राय असलं काही टाकू नका. अडचण त्यांना येईल. डॉक्टरांचा किंवा चपलांच्या दुकानाचा तयार साचा उचलून तसाच वापरला की नेमकं हेच होतं, कारण त्यात अभिप्रायांचा पट्टा आधीपासून असतो.

### फ्रीलान्सिंगला जीएसटी लागतो का?

सेवेची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणीची सक्ती नाही, ग्राहक दुसऱ्या राज्यातला असला तरी. नोंदणी नसेल तर बिलावर जीएसटी लावू नका. बिलाला क्रमांक, तारीख, कामाचं वर्णन आणि पॅन एवढं असू द्या. कंपनीने टीडीएस (बिलातून आधीच कापलेला आयकर) कापला असेल तर तो आयकर खात्याच्या पोर्टलवर तुमच्या नावे दिसतोय का ते दर तीन महिन्यांनी बघा. दिसत नसेल तर त्यांच्या अकाउंटंटला लगेच कळवा, रिटर्न भरायच्या आठवड्यात तो फोन उचलत नाही.